सौजन्याचा सत्कार कशानें करावा?

विद्वत्तेचा सत्कार कसा करावा हें आपल्या समाजास ठाऊक आहे. अधिकाराचा कसा करावा हें तर जरुरीपेक्षां अधिक ठाऊक आहे. शाल, श्रीफळ, पुष्पहार, मानपत्र आणि चार भाषणें एवढें साहित्य जमविलें म्हणजे कोणाही ग्रंथकाराचा, अध्यक्षाचा किंवा वयाचीं साठ वर्षें पुरीं करणाऱ्या गृहस्थाचा समारंभ यथासांग पार पडतो. परंतु एखाद्यानें ग्रंथ लिहिला नाहीं, पद भूषविलें नाहीं, मोठ्या देणग्याही दिल्या नाहींत. केवळ दिलेला शब्द पाळला आणि त्यासाठीं स्वतःचें नुकसान मुकाट्यानें सोसलें, तर अशा मनुष्याचा सत्कार करण्याची निश्चित रीत आपल्याकडे नाहीं. सचोटी ही सर्वांनीं गृहीत धरलेली गोष्ट असल्यामुळें ती दिसली तरी तिची पावती देण्याचें कोणास सुचत नाहीं.

आमच्या नाशिकांत हा प्रश्न गेल्या हिंवाळ्यांत आम्हां दहा-बारा मित्रांपुढें उभा राहिला. तो आम्हीं ज्या रीतीनें सोडविला तींत एक मोठी चूक झाली, आणि ती चूक आम्हांस त्याच रात्रीं, जेवणाच्या टेबलावरच, कळून आली. ती चूक एकट्या आमचीच नसावी असें वाटतें, म्हणूनच ती वाचकांपुढें मांडीत आहों.

ज्यांचा सत्कार करावयाचा ते आमचे स्नेही एके काळीं एक लहानशी वायनरी चालवीत असत. नाशिक हें द्राक्षांचें गांव म्हणून जुनें असलें, तरी वाइनचें गांव म्हणून त्याची ख्याति अलीकडची आहे. श्री. राजीव सामंत यांनीं गंगापूर धरणाच्या परिसरांत १९९७ च्या सुमारास वाइनच्या द्राक्षांची लागवड केली. २००० सालीं 'सुला'ची वाइन बाजारांत आली. आणि २००१ सालीं राज्य शासनानें द्राक्षप्रक्रिया उद्योगासाठीं स्वतंत्र धोरण जाहीर केलें. निफाड तालुक्यांत विंचूर येथें वाइन पार्क उभें राहिलें. दिंडोरी, निफाड, नाशिक या तालुक्यांतील कित्येक शेतकऱ्यांनीं खाण्याच्या द्राक्षांच्या जोडीला शिराझ, कॅबरने, शेनिन ब्लां अशा परदेशी नांवांचे वेल लावले. पुढें 'नाशिक व्हॅली वाइन' या नांवास भौगोलिक मानांकनही मिळालें.

या धंद्यांतील एक गोष्ट बाहेरच्यांच्या सहसा ध्यानांत येत नाहीं. वाइनचें द्राक्ष लहान, जाड सालीचें आणि बियांचें असतें. खाण्याच्या बाजारांत त्यास गिऱ्हाईक नाहीं, आणि बेदाणा करण्यासही तें सोयीचें नाहीं. खाण्याच्या द्राक्षाचा भाव एका व्यापाऱ्यानें पाडला तर शेतकरी दुसऱ्याकडे जाऊं शकतो. वाइनच्या द्राक्षाला वायनरीवांचून दुसरें दार नाहीं. वेल लावल्यावर पीक हातीं येण्यास दोन-तीन वर्षें जातात. दरवर्षीं एप्रिलांतील खरड छाटणी आणि पावसाळ्यानंतरची गोडी छाटणी यांचा खर्च करावा लागतो. आणि इतकें करून घड पिकला म्हणजे थोड्याच दिवसांत तो तोडून टाकीपर्यंत पोंचवावा लागतो. म्हणजे लागवडीच्या दिवशीं शेतकरी जें कांहीं जमिनींत पुरतो त्यांत वेलाच्या काडीइतकाच दुसऱ्याच्या शब्दावरचा विश्वासही असतो.

२००८ सालीं जगांत आर्थिक मंदी आली, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत मुंबईवर दहशतवाद्यांचा हल्ला झाला. हॉटेलें ओस पडलीं, वाइनचा खप घसरला, टाक्या भरलेल्या राहिल्या. पुढच्या हंगामांत अनेक ठिकाणीं माल घेण्यास नकार मिळाला, कोठें भाव पाडले गेले, कोठें पैसे थकले. आणि पुष्कळ शेतकऱ्यांनीं हातानें वाढविलेले वेल हातानेंच उपटून टाकले. आमच्या स्नेह्यांचा करार तोंडी होता. कागद नव्हता, म्हणून कोर्टाची भीतीही नव्हती. त्यांनीं ठरल्या भावानें सगळा माल उचलला, शहरांतील स्वतःचा प्लॉट विकला, आणि तीन हप्त्यांत शेतकऱ्यांचा पैनपै हिशेब पुरा केला. पुढें दोन वर्षांनीं वायनरी बंद पडली. या गोष्टीचा त्यांनीं आमच्यापाशीं कधीं उच्चारही केला नाहीं. ती आम्हांस कळली ती कित्येक वर्षांनीं, त्यांच्याकडे माल घालणाऱ्या एका शेतकऱ्याच्या तोंडून, आणि तीही सहज निघालेल्या बोलण्यांत.

हें कळल्यावर त्यांचा सत्कार करावा असें आमच्या मनानें घेतलें. शाल आणि मानपत्र ते घेणार नाहींत हें उघड होतें. तेव्हां एकानें सुचविलें कीं, त्यांचें आयुष्य ज्या वस्तूच्या नादीं गेलें तिनेंच त्यांचा मान करावा. प्रत्येकानें आपल्याजवळची उत्तमोत्तम वाइनची एकेक बाटली आणावी आणि एका रात्रीं सर्वांनीं मिळून ती त्यांच्यासमवेत घ्यावी. कल्पना सर्वांस पसंत पडली. कोणी फ्रान्सहून आणलेली, कोणी इटलीची, कोणी आपल्याच जिल्ह्यांतली जपून ठेवलेली, अशा बाटल्या निघाल्या. त्यांतील एकीची किंमत शेतमजुराच्या महिन्याच्या मजुरीइतकी होती हें येथें नमूद केलें पाहिजे.

या बेतास हरकत घेतली ती आमच्यांतील एका वकील मित्रानें. त्यांचे वडील दारूपायीं गेले. घर गेलें, अब्रू गेली, आणि आईचें तारुण्य त्यांत जळालें. ते म्हणाले, "ज्या वस्तूनें माझ्या बापाचें शील बुडालें, त्या वस्तूनें यांच्या शीलाचा सत्कार कसा होतो तें मला समजावून सांगा. मी येईन, बसेन, मला राग नाहीं. पण हें मला समजलेलें नाहीं." असा प्रश्न थट्टेवारी नेतां येत नाहीं. जो अनुभवाच्या पोटीं विचारतो त्यास उत्तर देणें आपलें कर्तव्य असतें. आम्हीं तीन उत्तरें शोधलीं. त्यांपैकीं दोन आमचीं आम्हांसच टिकाऊ वाटलीं नाहींत.

पहिलें उत्तर असें कीं, वाइन म्हणजे दारू नव्हे. जानेवारी २०२२ मध्यें राज्य मंत्रिमंडळानें मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकण्यास मुभा देण्याचा निर्णय घेतला तेव्हां हें वाक्य बरेच दिवस गाजलें, आणि त्यास विरोधही तितकाच झाला. द्राक्ष पिकविणाऱ्यास गिऱ्हाईक मिळावें या हेतूस आमची सहानुभूति आहे. परंतु हेतु चांगला म्हणून विधान खरें ठरत नाहीं. वाइनींत शंभरांत बारा ते चौदा भाग मद्यार्क असतो, आणि तो रक्तांत गेल्यावर आपण द्राक्षांतून आलों कीं मोहांतून हें सांगत बसत नाहीं. मद्याचें कोणतेंही प्रमाण प्रकृतीस निर्धोक म्हणतां येत नाहीं असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ सालीं स्पष्ट केलें आहे. १९४९ चा दारूबंदीचा कायदा नांवानें तरी अद्याप जिवंत असून त्याप्रमाणें पिणाऱ्यास परवाना लागतो. १९१९ सालीं रंगभूमीवर आलेल्या गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'नें मराठी माणसाच्या मनावर जो ठसा उमटविला तो असल्या शब्दच्छलानें पुसणार नाहीं. किंबहुना त्या नाटकांतील तळीरामाचें आर्यमदिरामंडळ पिण्यावर असाच शाब्दिक मुलामा चढवीत बसलेलें असतें.

दुसरें उत्तर प्राचीनांच्या आधाराचें. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत सुराध्यक्षाच्या प्रकरणीं द्राक्षरसाच्या 'मधु'चा उल्लेख आहे. ग्रीसमध्यें तर मद्यगोष्ठी हें तत्त्वचर्चेचें स्थानच होतें. प्लेटोच्या ज्या संवादांत अ‍ॅगॅथॉन या नाटककाराच्या विजयानिमित्त मित्र जमतात, त्याच्या अखेरीस अल्सिबायडीज हा झिंगलेला तरुण येतो आणि सॉक्रेटिसाच्या शीलाची अशी स्तुति करतो कीं, शुद्धीवरच्या कोणासही ती साधली नसती. रात्रभर पिऊनही सॉक्रेटीस ढळत नाहीं. पहाटे इतर निजले असतां तो उठून नेहमींच्या उद्योगास लागतो. 'लॉज' या ग्रंथांत तर प्लेटो असेंही सुचवितो कीं, मनुष्याचें शील पारखण्यास मद्यासारखी स्वस्त कसोटी नाहीं. मात्र बैठकीचा प्रमुख शुद्धीवर असला पाहिजे. हें सर्व वाचावयास रम्य आहे. पण प्राचीनांनीं केलें म्हणून तें योग्य ठरत नाहीं. आणि प्लेटोची कसोटी आमच्या स्नेह्यांस लागूही पडत नाहीं. पेल्यापुढें न ढळणारे लोक आम्हीं पुष्कळ पाहिले आहेत, आणि त्यांतील कित्येक हिशेबाच्या वहीपुढें ढळलेले पाहिले आहेत. आमच्या स्नेह्यांची परीक्षा झाली ती देणें चुकविण्याची पूर्ण सोय असतां तें चुकविलें नाहीं तेव्हां. त्या परीक्षेचा आणि मद्याचा कांहीं संबंध नाहीं.

तिसरें उत्तर आम्हांस अजूनही खरें वाटतें. सत्काराची वस्तु जितकी टिकाऊ तितकें तिचें ओझें अधिक. शाल कपाटांत राहते, मानपत्र भिंतीवर राहतें, आणि घेणारास तें उपकाराची आठवण देत राहतें. शिवाय सत्कारमूर्तीस आपण व्यासपीठावर चढवितों, म्हणजे मित्रांच्या ओळींतून उठवितों. बाटलीचें तसें नाहीं. एकदां उघडली कीं ती ठेवून देतां येत नाहीं, घरीं नेतां येत नाहीं, मिरवितां येत नाहीं. साडेसातशें मिलिलिटरांची ती बाटली बारा जणांत वाटली तर कोणाच्या वांट्यास चार-पांच घोटांपलीकडे येत नाहीं, आणि सत्कारमूर्तीचा वांटा इतरांएवढाच असतो. देणारा आपली जपलेली वस्तु सोडतो. घेणारावर मात्र ऋण राहत नाहीं. सद्‌गुणास बक्षीस दिलें कीं त्याचा व्यापार होतो. वांटणींत तो दोष नाहीं. वकील मित्र यावर म्हणाले, "हें मला पटतें. पण हें सगळें आमरसानेंही साधलें असतें." त्यांचें म्हणणें खरें होतें, परंतु त्याचें महत्त्व आम्हांस तेव्हां पुरतें उमगलें नाहीं.

जेवणाचा दिवस आला. परवाने ज्यांचे त्यांनीं काढलेले होते. वकील मित्र कोकमाचें सरबत घेऊन बसले. पहिला अर्धा-पाऊण तास जें होऊं नये तेंच झालें. पेला फिरविणें, वास घेणें, कोणत्या सालचा पाऊस कसा होता, कोणत्या पिंपाचें लांकूड कोठचें, या विषयांत सर्वजण इतके रंगले कीं ज्यांच्यासाठीं जमलों ते एका टोंकास मंदपणें हंसत बसले आहेत याचें भान राहिलें नाहीं. उंची वस्तूचा हा स्वभावच आहे. ती दुसऱ्याच्या सत्कारास म्हणून आणावी, आणि तिनें आपलाच सत्कार करवून घ्यावा.

शेवटीं एकानें आपली बाटली पुढें केली. ती आमच्या स्नेह्यांच्याच वायनरीची होती. २००९ च्या तोडणीची शिराझ. कपाटांत मागें पडून राहिलेली ती त्यास अचानक सांपडली होती. ओतली तेव्हां तिचा लाल रंग विटकरी झालेला दिसला, आणि चवींत आंबटपणावांचून फारसें कांहीं उरलें नव्हतें. स्नेही म्हणाले, "अहो, ही दहा वर्षांपूर्वींच प्यावयास हवी होती." मग त्यांनीं पेला खालीं ठेवला आणि तीन शेतकऱ्यांचीं नांवें घेतलीं. हीं द्राक्षें त्या तीन मळ्यांतलीं. एक आज हयात नाहीं. दुसऱ्यानें वेल काढून टोमॅटो लावले. तिसरा माळकरी, निवृत्तिनाथांच्या दिंडींत चालणारा. पौष वद्य एकादशीची त्र्यंबकची यात्रा करून तो रात्रीं घरीं परतला आणि पहाटेच्या गारव्यांत तोडणीस उभा राहिला, हें त्यांना स्वच्छ आठवत होतें. "त्यानें आयुष्यांत वाइन जिभेला लावलेली नाहीं," ते म्हणाले. "घड पिकला कीं नाहीं हें पाहण्यासाठीं एक मणी तोंडांत टाकी, तेवढेंच."

नंतर ते जें बोलले तें आम्ही सहसा विसरणार नाहीं. "मीं शब्द पाळला असें तुम्ही म्हणतां. पण शब्द एकट्याचा नसतो. तिसरा हप्ता द्यावयास मला चौदा महिने लागले. त्या चौदा महिन्यांत त्यांच्यापैकीं एकही जण माझ्या दारांत येऊन बसला नाहीं, कीं चार लोकांत मला वाईट बोलला नाहीं. त्यांनीं विश्वास ठेवला म्हणून मला शब्द पाळतां आला. मग ते कोठें आहेत?"

ते नव्हते. त्यांना बोलवावें असें आमच्यापैकीं एकाच्याही मनांत आलें नव्हतें. यांत त्यांच्याविषयीं तुच्छता होती असें म्हणतां येणार नाहीं. गोष्ट त्याहून साधी आणि म्हणूनच अधिक लाजिरवाणी होती. वाइनची रात्र ठरली, तेव्हांच वाइन पिणारे, तिची पारख असलेले, तशी बाटली आणूं शकणारे एवढेच लोक आपोआप निवडले गेले. पाहुण्यांची यादी आम्हीं केली असें आम्हांस वाटत होतें. वस्तुतः ती बाटल्यांनीं केली होती. ज्यांस त्या सौजन्याचा प्रत्यय आला होता ते बाहेर राहिले, आणि ज्यांनीं त्याची केवळ वार्ता ऐकली होती ते आंत बसले.

एकत्र पिण्याच्या वस्तूंत ही शक्ति असते याचा दाखला आपल्या इतिहासांत आहे. १८९० सालीं पुण्यास पंचहौद मिशनमध्यें कांहीं प्रतिष्ठित मंडळींपुढें चहा ठेवला गेला. त्या मंडळींत लोकमान्य टिळक होते, आणि आमच्याच जिल्ह्यांतील निफाड येथें जन्मलेले न्यायमूर्ति रानडेही होते. त्या एका पेल्यावरून ग्रामण्य माजलें आणि गोष्ट प्रायश्चित्तापर्यंत गेली. आज तोच चहा मराठी माणसास जोडणारी पहिली वस्तु झाला आहे. जातिभेदाची ती रेषा खोटी होती म्हणून ती पुसली गेली, आणि पुसली गेली तें बरेंच झालें. वाइनचेंही उद्यां असेंच होईल, असें कोणी म्हणेल. परंतु या दोहोंत भेद आहे. दुसऱ्याच्या हातचें न घेणें हा दुसऱ्याचा अपमान होता. माळकऱ्याचें न पिणें हें त्याचें स्वतःशीं केलेलें व्रत आहे, आणि वकील मित्रांचें न पिणें ही त्यांच्या आईची आठवण आहे. अपमान करणारी रेषा पुसावी; व्रताची रेषा पुसण्याचा अधिकार कोणास नाहीं. ती दिसल्यावर आपलें ताट उचलून तिच्या पलीकडे जाऊन बसावें हेंच योग्य.

माघांत आम्ही सर्वजण दिंडोरी तालुक्यांतील त्या माळकऱ्याच्या वस्तीवर गेलों. बेत बाजरीची भाकरी, भरीत, आमटी आणि मांडे असा होता. दुसरे शेतकरीही आले. जे हयात नव्हते त्यांचा मुलगा आला. भाषण कोणी केलें नाहीं. यजमानांनीं आमच्या स्नेह्यांच्या कपाळीं बुक्का लावला, आणि स्नेह्यांनीं वांकून त्यांच्या पायांस हात लावला. जेवण झाल्यावर परातींत द्राक्षांचे घड आले, आणि ते वकील मित्रांसह सर्वांनीं खाल्ले. आमच्या स्नेह्यांच्या डोळ्यांत त्या दिवशीं पाणी आलें. टेबलावरच्या त्या रात्रीं तें आलें नव्हतें.

यावरून वाइनची रात्र वाया गेली असें आम्ही म्हणत नाहीं. ती रात्र झाली नसती तर ती जुनी बाटली उघडली नसती, आणि ती उघडली नसती तर तीं तीन नांवें आम्हांस कळलीं नसतीं. मित्रांनीं मित्रांसाठीं आपली उत्तम वस्तु वांटून घेण्यांत जो आनंद आहे तो ज्यांस घ्यावयाचा त्यांनीं मर्यादेनें आणि डोळे उघडे ठेवून घ्यावा. परंतु तो मैत्रीचा आनंद आहे. सौजन्याचा सत्कार म्हणतां येईल तो त्याहून मोठ्या पंक्तींत होतो. कारण विद्वत्ता एका माणसाची असूं शकते, संपत्ति एका माणसाची असूं शकते; सचोटी ही मात्र नेहमीं निदान दोघांत असते.

तेव्हां असा प्रसंग ज्यांच्यावर येईल त्यांस आमचें एवढेंच सांगणें आहे कीं, ताटांत काय वाढावयाचें हें आधीं ठरवूं नये. या मनुष्याच्या चांगुलपणाचा अनुभव कोणाकोणास आला आहे हें प्रथम विचारावें, त्यांस बोलवावें, आणि मग त्या सर्वांच्या पानांत जें वाढतां येईल तें शिजवावें. आणि हें लौकर करावें. आमच्या सत्कारास एक जण येऊं शकला नाहीं. तो हयात असतां आम्हांस सुचलें असतें तर तोही त्या पंक्तीस असता.